पर्दापोशी कुणाची?



उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी माळ्यावरची एक पत्र्याची पेटी खाली उतरते. तिच्यात अब्बांकडून आलेल्या इब्ने सफींच्या उर्दू कादंबऱ्या आहेत आणि मामूंकडून आलेल्या बाबुराव अर्नाळकरांच्या मराठी रहस्यकथा आहेत. इब्ने सफींनी १९५२ साली अलाहाबादहून ‘जासूसी दुनिया’ ही मालिका सुरू केली. ‘दिलेर मुजरिम’ हे तिच्यातले पहिले पुस्तक. अर्नाळकरांनी तर हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार आमच्या मामूंना घरच्या माणसासारखा ठाऊक होता. उर्दू आम्ही शाळेत शिकलो, मराठी गल्लीत शिकलो, पण दोन्ही भाषांत वाचायची गोडी लागली ती या पेटीमुळे. दादी तेवढी कुरकुरायची, “खुनाच्या गोष्टी वाचून कुणाचे भले झाले आहे?”

दादीच्या या प्रश्नाचे उत्तर यंदा एका जुन्या विद्यार्थिनीमुळे शोधावे लागले. ती आता शहरात कॉलेजात शिकते. सुट्टीत भेटायला आली तेव्हा तिने एक इंग्रजी कादंबरी आमच्या हातात ठेवली आणि म्हणाली, “टीचर, आठवड्याभरात वाचून द्या. मला एक विचारायचे आहे.” आम्ही ती तीन रात्रींत संपवली. ती पुस्तक घ्यायला आली तेव्हा तिने तिचा प्रश्न विचारला. “आपल्या दीनमध्ये दुसऱ्याचा ऐब झाकणे ही नेकी आहे ना? या कादंबरीतल्या घरांनी आणि गावाने वीस वर्षे झाकाझाकीच केली. मग त्यांचे चुकले कुठे?”

आम्ही तिला लगेच उत्तर दिले नाही. प्रश्न सोपा नव्हता, आणि तो आम्हाला आमच्याच एका जुन्या गोष्टीकडे घेऊन गेला. म्हणून या महिन्याचे सदर त्या कादंबरीवर आणि त्या प्रश्नावर.

किवारा गावची गोष्ट

कादंबरीचे नाव ‘द ड्राय’. लेखिका जेन हार्पर. जन्म इंग्लंडमधल्या मँचेस्टरचा, पण ऑस्ट्रेलियात अनेक वर्षे वर्तमानपत्रांत पत्रकार म्हणून काम केलेले. हे त्यांचे पहिलेच पुस्तक. छापून येण्याआधीच, २०१५ साली, त्याला व्हिक्टोरिया राज्याचा अप्रकाशित हस्तलिखितासाठीचा पुरस्कार मिळाला. २०१६ साली ते ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झाले आणि २०१७ साली ब्रिटनमधला गुन्हेकथांचा मानाचा ‘गोल्ड डॅगर’ त्याला मिळाला. पुढे त्यावर चित्रपटही निघाला.

किवारा हे लेखिकेने कल्पनेतून उभे केलेले शेतकऱ्यांचे छोटे गाव, मेलबर्नपासून काही तासांच्या अंतरावरचे. दोन वर्षे पाऊस नाही. शेते करपलेली, गुरे विकायची की मारायची हा प्रश्न, दुकानांना एकेक करून कुलपे लागलेली. ज्या नदीत मुले पोहायची तिचे पात्र कोरडे ठणठणीत. आपल्या मराठवाड्यातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. ज्या वर्षी ही कादंबरी छापली गेली, त्याच २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते.

अशा गावात एक दिवस ल्यूक हॅडलर नावाच्या शेतकऱ्याच्या घरी तीन प्रेते सापडतात. बायको कॅरन आणि लहानगा मुलगा बिली घरात, आणि ल्यूक स्वतः थोड्या अंतरावर आपल्या गाडीत. तिघांनाही बंदुकीच्या गोळ्या लागलेल्या. वाचते ती फक्त तेरा महिन्यांची शार्लट. गाव लगेच निकाल देते. दुष्काळाने कर्जबाजारी झालेल्या माणसाचे डोके फिरले, त्याने बायको-मुलाला मारले आणि मग स्वतःला संपवले. निकाल सोयीचा आहे, कारण त्यात आणखी कुणाला काही विचारावे लागत नाही.

ल्यूकचा लहानपणचा मित्र आरन फॉक मेलबर्नला पोलीस खात्यात आहे, आर्थिक गुन्ह्यांचा तपास करणारा. दफनाला यायची त्याची इच्छा नसते. पण ल्यूकचे वडील जेरी त्याला एक चिठ्ठी पाठवतात आणि तिच्यात एका जुन्या खोटेपणाची आठवण देतात. चिठ्ठी वाचून आरनला यावेच लागते.

तो खोटेपणा वीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा गावातली सोळा वर्षांची एली डीकन नदीत मेलेली सापडली होती. तिच्या खिशांत दगड होते. एलीच्याच अक्षरात फॉक हे आडनाव लिहिलेला एक कागद मिळाला आणि सगळ्या गावाचा संशय आरनवर आणि त्याच्या वडिलांवर गेला. तेव्हा ल्यूक आणि आरन यांनी एकमेकांसाठी साक्ष दिली की त्या दुपारी आम्ही दोघे मिळून सशांची शिकार करत होतो. प्रत्यक्षात ते दोघे एकत्र नव्हतेच. साक्ष देऊनही गावाने फॉक बाप-लेकाला राहू दिले नाही. त्यांना गाव सोडून जावे लागले. त्यांच्याविरुद्ध सगळ्यात मोठा आवाज होता एलीच्या बापाचा, मॅल डीकनचा.

आता ज्यांना ही कादंबरी स्वतः वाचायची आहे त्यांची माफी मागतो, कारण शेवट सांगितल्याशिवाय आमचे म्हणणे पुरे होत नाही. ल्यूकच्या घरातल्या हत्यांचा गुन्हेगार कोण, ते नाव आम्ही सांगत नाही. एवढेच सांगतो की तो ल्यूक नव्हता. त्या हत्यांच्या मुळाशी गावातल्या एका आदरणीय माणसाचे जुगाराचे कर्ज होते आणि मुलांच्या हक्काच्या पैशाची चोरी होती. जुगाराला सैतानी काम म्हणून अल्लाहने आपल्याला त्यापासून का दूर ठेवले, हे या पुस्तकातली ती पाने वाचून नव्याने कळते. लहानगी शार्लट का वाचली याचे उत्तरही अंगावर काटा आणते. तिला अजून बोलता येत नव्हते, म्हणून मारेकऱ्याला तिची भीती नव्हती.

पण एलीचे काय झाले ते सांगायलाच हवे. शेवटी आरनला एलीने लपवून ठेवलेली पिशवी आणि वही सापडते. मुलगी घर सोडून पळून जायच्या तयारीत होती, कारण तिचा छळ तिच्याच घरात, तिच्याच बापाच्या हातून होत होता. तिचा जीव घेणाराही तोच. वीस वर्षे जो सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता, दुसऱ्याच्या मुलाकडे बोट दाखवत होता, तोच गुन्हेगार निघतो.

गप्प राहिल्याची किंमत

पुस्तक मिटल्यावर आमच्या डोळ्यांसमोरून जेरी हॅडलर जात नव्हते. ल्यूकचा हा बाप वाईट माणूस नाही. आपला मुलगा त्या दिवसाबद्दल खोटे बोलला, हे त्याला तेव्हाच ठाऊक होते. पण लेकराच्या मायेने तो गप्प बसला. मुलाला विचारलेही नाही, कारण उत्तराची भीती वाटत होती. परिणाम काय झाला? वीस वर्षे हा बाप स्वतःच्या मुलाला मनातल्या मनात खुनी समजत राहिला. मुलगा, सून आणि नातू गेले तेव्हा त्याला वाटले, मी तेव्हाच बोललो असतो तर आज हे घडले नसते. आणि खरी गोष्ट अशी की ल्यूकने एलीला हातही लावला नव्हता. त्याचे खोटे एका वेगळ्याच, तारुण्यातल्या लाजेच्या गोष्टीसाठी होते.

म्हणजे मुलाला वाचवायला धरलेल्या मौनाने मुलाचेच नुकसान केले. बापाने विचारले असते, मुलाने खरे सांगितले असते, तर दोघांमधली भिंत त्याच दिवशी पडली असती. आणि गाव फॉक बाप-लेकाच्या मागे लागले नसते, तर एलीच्या घराच्या दाराकडे कुणाची तरी नजर वळली असती. ती मुलगी शाळेत जात होती, दुकानात जात होती, मित्रांत बसत होती. तिची अवस्था दिसत नव्हती असे नाही. आपण कशाला कुणाच्या घरात डोकवावे, असे प्रत्येकाला वाटले.

आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न नेमका इथेच होता. कुणाच्या घरात डोकावू नये हे तर आपल्यालाही शिकवले आहे.

तजस्सुस आणि गवाही

खरेच शिकवले आहे. सूरह हुजुरातमध्ये (४९:१२) अल्लाह ईमानवाल्यांना जास्त संशय घेण्यापासून, एकमेकांची टोह घेण्यापासून आणि गीबत करण्यापासून रोखतो. तिथे टोह घेण्यासाठी जो शब्द आहे तो ‘तजस्सुस’ याच धातूचा. आपण उर्दूत ‘जासूस’ म्हणतो तो शब्दही तिथूनच आला. आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणुकीचा आशय आपल्या घरातल्या लहान मुलालाही पाठ असतो. जो या दुनियेत दुसऱ्या मुस्लिमाचा ऐब झाकील, अल्लाह कयामतच्या दिवशी त्याचा ऐब झाकील. याला आपण पर्दापोशी म्हणतो.

पण त्याच कुरआनमध्ये सूरह निसाची ती आयत आहे (४:१३५), जिच्यात इन्साफावर ठाम उभे राहायचा हुकूम आहे, मग गवाही स्वतःच्या, आई-बापाच्या किंवा नातेवाइकांच्या विरुद्ध का जाईना. सूरह बकरामध्ये (२:२८३) गवाही लपवणाऱ्याचे दिल गुन्हेगार ठरवले आहे. आणि मख्जूम घराण्यातल्या त्या स्त्रीचा प्रसंग आठवा. घराणे मोठे, चोरी सिद्ध झालेली, लोकांनी रदबदलीसाठी हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांना पुढे केले. प्रेषित (स.) नाराज झाले. आधीच्या लोकांची बरबादी यामुळेच झाली की ते प्रतिष्ठिताला सोडत आणि दुबळ्याला शिक्षा देत, असे त्यांनी सांगितले आणि माझी स्वतःची मुलगी असती तरी हाच न्याय झाला असता, असे बजावले.

मग एका बाजूला पर्दापोशी, दुसऱ्या बाजूला गवाही. या दोन शिकवणुकी एकमेकींच्या विरुद्ध आहेत का? आम्हाला तसे वाटत नाही. एखाद्याच्या हातून चूक झाली, ती त्याच्या आणि अल्लाहच्या दरम्यान आहे, तो शरमिंदा आहे, त्यात दुसऱ्या कुणाचा हक्क बुडालेला नाही, तर ती झाकणे नेकी आहे. पण जिथे एका माणसाचा हात दुसऱ्यावर पडतो आहे, तिथे प्रकरण ऐबाचे राहत नाही, ते जुल्माचे होते. जुल्म झाकला तर तो चालू राहतो. भाऊ जालीम असला तरी त्याला मदत करा, आणि ती मदत म्हणजे त्याचा हात धरून रोखणे, ही हदीस आपण तकरीरीत ऐकतो आणि घरी येताना चपला घालता घालता विसरतो.

हजरत यूसुफ (अ.) यांचे तीन कुर्ते

घरातल्या रहस्याची सर्वांत सुंदर कहाणी तर आपल्या कुरआनमध्येच आहे. सूरह यूसुफला तिथेच सर्वोत्तम किस्सा म्हटले आहे. भावांचा मत्सर, विहिरीत ढकललेले मूल, बापासमोर रडत आलेले मुलगे. आम्ही वर्गात ही कहाणी सांगतो तेव्हा मुलांना तीन कुर्ते मोजायला लावतो.

पहिला कुर्ता खोट्या रक्ताने माखलेला. भाऊ तो घेऊन येतात आणि लांडग्यावर आळ घेतात. हजरत याकूब (अ.) यांना ते पटत नाही. हे तुमच्या मनाने रचलेले आहे, असे ते स्पष्ट म्हणतात आणि मग सब्र करतात. लक्षात घ्या, सब्र केला म्हणजे खोट्याला मान्यता दिली नाही.

दुसरा कुर्ता मागून फाटलेला. इथे आरोप करणारी घरची मालकीण आहे आणि आरोपी परदेशी, गुलाम म्हणून विकत आणलेला तरुण. तिच्याच घरातला एक साक्षीदार उठतो आणि म्हणतो की कुर्ता कुठून फाटला ते पाहा. पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर तो खरा. आजच्या कोणत्याही तपास-अधिकाऱ्याने शाबासकी द्यावी असा हा पुरावा आहे. आणि तो देणारा माणूस मालकिणीच्या घरचा आहे. घराची अब्रू जाईल म्हणून तो गप्प बसला नाही.

तिसरा कुर्ता बापाच्या चेहऱ्यावर टाकला जातो आणि त्याची गेलेली दृष्टी परत येते. पण तो कुर्ता पाठवण्याआधी भावांनी आपली चूक तोंडाने कबूल केली आहे, आणि कबुलीनंतर हजरत यूसुफ (अ.) यांनी त्यांना माफ केले आहे. आपल्या घरांत पुष्कळदा हा क्रम उलटा होतो. जालीम काही कबूल करण्याआधीच ज्याच्यावर जुल्म झाला त्याला सांगितले जाते, जाऊ दे, माफ कर, घरची गोष्ट आहे.

आणखी एक गोष्ट. बादशहाने तुरुंगातून बाहेर बोलावले तेव्हा हजरत यूसुफ (अ.) लगेच निघाले नाहीत. आधी त्या स्त्रियांच्या प्रकरणाची चौकशी करा, असा निरोप त्यांनी पाठवला. निर्दोष माणसाला सुटका पुरेशी वाटली नाही, त्याला खरे काय ते समोर यायला हवे होते. किवाराच्या आरन फॉकला वीस वर्षे हेच मिळाले नव्हते.

मात्र याच सूरहच्या सुरुवातीला एक योग्य रहस्यही आहे. हजरत याकूब (अ.) लहानग्या यूसुफना सांगतात की तुझे स्वप्न भावांना सांगू नकोस. तिथे लपवणे हे दुबळ्याच्या रक्षणासाठी आहे. आम्हाला वाटते, आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. कोणतीही गोष्ट झाकताना एकदा विचारावे की हा पर्दा कुणावर पडतो आहे, मार खाणाऱ्यावर की मारणाऱ्यावर?

एक कोरा राहिलेला निबंध

आता आमची ती जुनी गोष्ट. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या सहावीच्या वर्गात एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखे. ईदच्या सुट्टीनंतर तिच्यात बदल झाला. शाळा सुटल्याची घंटा झाली की मुले दप्तर उचलून धावत सुटतात, ही मागे राहायची. फळा पुसू का, वह्या लावू का, म्हणून विचारायची. घरी जायला पाय निघत नसे. एकदा तिच्या मनगटावर काळानिळा वळ दिसला. आम्ही विचारले तेव्हा पडले म्हणाली.

त्याच महिन्यात आम्ही ‘माझे घर’ हा निबंध दिला होता. तिने घराचे दार लिहिले, दोन खोल्या लिहिल्या, परसातली विहीर आणि शेळी लिहिली. माणूस एकही लिहिला नाही. एका मुलीने आपल्या घराचे वर्णन माणसांशिवाय केले आणि ते आम्हाला खटकले नाही. आम्ही दहापैकी आठ गुण दिले आणि खाली ‘अक्षर सुवाच्य’ असा शेरा मारला.

पुढे वळ पुन्हा दिसला तेव्हा आम्ही तिच्या अम्मींना बोलावले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “टीचर, घरातली गोष्ट आहे. पोरीची जात आहे. उद्या कोण करेल तिला? तुम्हीपण पर्दा ठेवा.” आम्ही पर्दा ठेवला. खरे सांगायचे तर मनातून बरे वाटले की आता आपल्याला काही करावे लागणार नाही, आणि वर नेकीही झाली. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचा दाखला काढून नेला. ती कुठे गेली, तिचे पुढे काय झाले, आम्हाला आजवर कळलेले नाही.

एलीच्या वहीचे ते पान वाचताना आम्हाला हा निबंध आठवला. किवारातल्या लोकांना नावे ठेवण्याचा हक्क आम्हाला नाही, कारण त्या गावात आम्हीही असतो तर तसेच वागलो असतो. आम्ही त्या दिवशी पर्दा मुलीवर टाकला नव्हता. ज्याच्या हाताचा वळ होता त्याच्यावर टाकला होता.

कायदा काय सांगतो

तेव्हा आम्हाला कुणी विचारले असते की नेमके करायचे काय, तर सांगता आले नसते. आज ती सबब राहिलेली नाही. २०१२ साली मुलांच्या लैंगिक छळाविरुद्ध पोक्सो कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या मुला-मुलींवर असा अत्याचार झाल्याचे कळले किंवा होण्याची शंका आली, तर ते पोलिसांना कळवणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. शिक्षक, डॉक्टर, शेजारी, नातेवाईक, सगळे यात आले. माहिती असून न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर त्याबद्दल कोणतीही कारवाई होत नाही. मारहाण आणि इतर क्रूरतेसाठी २०१५ चा बालन्याय कायदा आहे, आणि तो घरच्या पालकांनाही लागू होतो.

आपल्या घरांना सर्वांत मोठी भीती असते बदनामीची. म्हणून हेही सांगतो की पोक्सो कायद्यात मुलाचे नाव, पत्ता, शाळा, कुटुंब यांपैकी काहीही जाहीर करायला मनाई आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. या तरतुदी वाचल्या तेव्हा आम्हाला वाटले, पर्दापोशी म्हणतात ती ही. मुलावर पर्दा आहे, गुन्ह्यावर नाही.

हे काही दुसऱ्या समाजाचे, दुसऱ्या देशाचे दुखणे नाही. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२ हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले होते. छळ करणाऱ्यांत मुलाच्या ओळखीच्या, विश्वासातल्या माणसांचा वाटा फार मोठा होता. त्या मुलांत सर्व धर्मांची, सर्व थरांची घरे आली. आपला मोहल्ला त्यातून वगळलेला असेल असे समजायला काहीच आधार नाही.

घरात एवढे तरी करू या

पहिली गोष्ट, मूल काही सांगायला आले तर हातातले काम खाली ठेवावे. ऐकताना मध्ये बोलू नये आणि “तू तिथे गेलीसच का?” हा प्रश्न तर विचारूच नये. सगळे ऐकून झाल्यावर पहिले वाक्य हेच असावे की बेटा, यात तुझी काही चूक नाही.

दुसरी गोष्ट, चाचा, मामू, शेजारी, शिकवायला येणारे, कुणीही असो, “मोठ्यांचे ऐकायचे” या शिकवणीला एक अपवाद मुलांना लहानपणीच सांगून ठेवावा. जो मोठा माणूस म्हणेल की ही गोष्ट अम्मीला सांगू नकोस, त्याची गोष्ट सर्वांत आधी अम्मीला सांगायची.

तिसरी गोष्ट, संशय आला तर तो नाक्यावर, लग्नाच्या मांडवात किंवा मोबाइलच्या ग्रुपवर बोलू नये. ती गीबत होईल आणि किवारात झाले तसे निर्दोष माणूस भरडला जाईल. जिथे सांगायचे तिथेच सांगावे. मुलांसाठीचा १०९८ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तो घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा, मुलांना पाठ करून द्यावा.

कादंबरीबद्दल एक सूचना. ‘द ड्राय’ मोठ्यांसाठीचे पुस्तक आहे. त्यात दारूचे गुत्ते आहेत, शिवराळ भाषा आहे. लहान मुलांच्या हाती ते देऊ नये. पण आई-वडिलांनी आणि शिक्षकांनी जरूर वाचावे.

परवा आमची विद्यार्थिनी पुन्हा आली तेव्हा आम्ही तिला हे सगळे सांगितले, आणि सहावीतल्या त्या मुलीची गोष्टही सांगितली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “टीचर, आता निबंध तपासता तेव्हा काय बघता?” आम्ही म्हणालो, आता अक्षर शेवटी बघतो. आधी निबंधात माणसे आहेत का ते बघतो.

दादी आज असती तर तिलाही सांगितले असते, खुनाच्या गोष्टी वाचून कधी कधी भले होते.

ती मुलगी आता पंचविशी ओलांडून गेली असेल. ती जिथे असेल तिथे अल्लाह तिला आपल्या हिफाजतीत ठेवो, आमच्या त्या दिवसाच्या मौनाबद्दल आम्हाला माफ करो, आणि आपल्या सर्वांना जुल्म झाकण्यापासून वाचवो. आमीन.

वस्सलाम.